किनाऱ्यावरून गळाने मासेमारी : शिसे आणि गळाची जोडणी

किनाऱ्यावरून गळाने मासेमारी म्हणजे होडीत न बसता पुळण, खडप, धक्का किंवा खाडीचा काठ येथे उभे राहून गळ, दोरी व आमिष यांच्या साहाय्याने समुद्रातील मासे धरणे. कोकणात गळाला ‘गरी’ म्हणतात आणि गरीने मासे धरण्याला ‘गरवणे’ असे सुटसुटीत क्रियापद आहे. या मासेमारीत दोरीला बांधलेले वजन आमिष दूर नेते, तळाशी पोहोचवते आणि तेथे टिकवून धरते. हे वजन बहुधा शिशाचे असल्यामुळे त्यालाच ‘शिसे’ म्हणण्याचा प्रघात आहे. वजन, गळ, मधली दोरी व कड्या यांच्या मांडणीला या लेखात ‘जोडणी’ म्हटले आहे; साहित्याच्या दुकानांत तिला ‘रिग’ म्हणतात. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर शिसे व जोडणी कशी निवडावी याचे विवेचन आहे.

शब्द आणि परंपरा

गळाला लागणे, गळ टाकणे, एखाद्याला गळ घालणे हे वाक्प्रचार समुद्र न पाहिलेल्या मराठी माणसाच्याही तोंडी असतात. गळाने मासे धरणे हे केवळ पोटासाठीच होत असे, असेही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ या नावाने या विषयाचे स्वतंत्र वर्णन आहे. ही कल्याणी म्हणजे कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. सोलापूरच्या पूर्वेकडील, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या प्रदेशात हा ग्रंथ लिहिला गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आज सुताच्या दोरीची जागा तंगुसाने, म्हणजे नायलॉनच्या एकपदरी पारदर्शक दोऱ्याने घेतली आहे. कोकणात अजूनही बरेच जण काठीवाचून, लाकडाच्या तुकड्यावर किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीवर तंगूस गुंडाळून हातानेच गरी टाकतात. काठी आणि रीळ वापरणारा हौशी वर्ग मुंबई, रायगड व गोवा या भागांत विशेष दिसतो. पुढील विवेचन दोघांनाही लागू आहे. केवळ फेकीचे अंतर बदलते.

वजन कशासाठी?

देशावरील वाचकाला गळाने मासेमारी ठाऊक असते ती तळी, नदीचे डोह किंवा उजनीसारखे जलाशय येथली. तेथील पाणी जवळजवळ स्थिर असते. दोन-चार ग्रॅमांची गोळी आमिष खाली नेण्यास पुरते, आणि वर तरंगणारे बूच बुडाले की मासा लागल्याचे कळते. समुद्रात हे साहित्य वापरले तर आमिष काही मिनिटांत लाटेबरोबर काठाला येते किंवा प्रवाहाबरोबर वाहत जाऊन खडकात अडकते. समुद्राचे पाणी एकाच वेळी दोन प्रकारे हलते. लाट ते पुढे-मागे ढकलते, तर भरती-ओहोटीचा प्रवाह ते किनाऱ्याला समांतर किंवा खाडीतून आत-बाहेर वाहून नेतो. वजनाला या दोन्ही ओढींविरुद्ध तळ धरून राहावे लागते.

येथे एक गोष्ट नवशिक्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. पाण्याचा जोर केवळ शिशावर पडत नाही. पाण्यात पसरलेल्या साऱ्या दोरीवर पडतो. साठ मीटर दोरी पाण्यात असेल तर बहुतेक ओढ तीच निर्माण करते. ही ओढ दोरीच्या जाडीच्या प्रमाणात आणि प्रवाहाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. उलट ०.५० मिलिमीटरऐवजी ०.३५ मिलिमीटर जाडीचा तंगूस वापरल्यास ओढ सुमारे तीस टक्क्यांनी घटते. म्हणून शिसे वाहून जात असेल तर अधिक जड शिसे घेण्याआधी दोरी बारीक करता येईल का, हे पाहणे शहाणपणाचे.

भरती, ओहोटी आणि तिथी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते. ओहोटीला कोकणात सुकती असेही म्हणतात. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीतील अंतर सर्वाधिक असते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ते सर्वांत कमी असते, त्याला भांग म्हणतात. उत्तरेकडे हे अंतर अधिक आणि दक्षिणेकडे कमी होत जाते. मुंबईजवळ उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक बदलते, तर गोव्याकडे हे अंतर साधारण दोन मीटरांवर येते. मालवणच्या धक्क्यावर पुरणारे वजन वसईच्या खाडीच्या मुखाशी पुरेलच असे नाही, याचे एक कारण हे.

पूर्ण भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरील जुनी रीत सोपी आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी येते. शुक्ल व कृष्ण या दोन्ही पक्षांत हिशोब तोच. हे गणित स्थूल आहे आणि मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यास अधिक जुळते. खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. अचूक वेळेसाठी छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे.

ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सुमारे सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग कल्पिले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात व चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. चार मीटरांची भरती असेल तर तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी पूर्ण एक मीटर. खाडीच्या मुखाशी साधारण याच सुमारास प्रवाहाचा जोर सर्वाधिक असतो. म्हणून एकाच बैठकीत वजन दोनदा बदलावे लागणे स्वाभाविक आहे. सोबत तीन-चार निरनिराळी वजने बाळगणारा माणूस एकच भारी शिसे घेऊन आलेल्यापेक्षा अधिक वेळ मासेमारी करतो.

तळ आणि शिशाचा आकार

किती अंतरावर फेकायचे हा प्रश्न बहुतेकांना प्रथम सुचतो. त्याआधी तळ कसा आहे हा प्रश्न विचारला पाहिजे. तळ ओळखण्याचा उत्तम मार्ग म्हणजे ऐन ओहोटीला रिकाम्या हाताने जाऊन किनारा पाहून येणे. उघडी पडलेली खडपे, चर आणि वाळूचे दांडे यांची मनाशी नोंद केली की भरतीच्या पाण्याखाली काय आहे ते कळते.

काशीद, भाट्ये, तारकर्ली यांसारख्या पुळणींवर तळ वाळूचा असतो. येथे पिरॅमिडच्या आकाराचे शिसे चांगले टिकते, कारण त्याच्या सपाट बाजू व कोपरे वाळूत रुततात. लाटांचा जोर अधिक असेल तर तारांचे आकडे बसवलेले शिसे वापरतात. हे आकडे वाळूत नांगरासारखे रुततात आणि जोराने ओढल्यावर मागे वळून मोकळे होतात. पुळणीवर काठीने मासेमारी करताना ६० ते १२० ग्रॅम वजन सर्वसाधारणपणे पुरते. मात्र फेक लांब गेली म्हणजे मासा मिळतोच असे नाही. वाळूचा दांडा आणि काठ यांच्यामधल्या चरातून मुडदुशीसारखे मासे फिरतात. हा चर पुष्कळदा वीस-तीस मीटरांवरच असतो. त्यापलीकडे फेकलेले आमिष माशांच्या डोक्यावरून जाते.

खाडीत व खाजणाच्या काठी तळ चिखलाचा असतो. तेथे टोकदार, जड शिसे चिखलात बुडून जाते आणि आमिषही बुडवते. नाण्यासारखे चपटे शिसे पृष्ठभागावर राहते. प्रवाह मंद असताना १० ते ३० ग्रॅम वजन पुष्कळ होते. शिंगाळा हा अशा पाण्यातला नेहमीचा मासा. त्याच्या पाठीवरील व कल्ल्यांजवळील काटे विषारी असल्याने गळ सोडवताना पक्कड वापरावी.

खडपांचा प्रश्न सर्वांत अवघड. कोकणचा किनारा काळ्या अग्निजन्य खडकाच्या व जांभ्याच्या सुळक्यांनी, कपारींनी भरलेला आहे. तांबोशी, गोब्रा हे चविष्ट मासे राहतात तेही याच कपारींत. येथे कोपरे असलेले कोणतेही शिसे पहिल्याच फेकीत अडकते. गुळगुळीत, थेंबाच्या आकाराचे किंवा पळीसारखे चपटे वजन त्यातल्या त्यात बरे. चपटे वजन वेगाने ओढले असता पाण्यात चटकन वर उचलले जाते आणि खडकाला चुकवते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील टेट्रापॉडांच्या फटींनाही हाच नियम लागू होतो. तरीही खडपांत वजन गमावले जाणारच, हे गृहीत धरूनच जोडणी करावी लागते.

जोडणीचे प्रकार

सर्वांत साधी व बहुगुणी जोडणी म्हणजे सरकत्या शिशाची. आरपार भोक असलेले अंडाकृती शिसे मुख्य दोरीत ओवावे, मागोमाग एक मणी ओवावा आणि दोरी फिरत्या कडीला, म्हणजे स्विव्हलला, बांधावी. कडीच्या दुसऱ्या बाजूस ३० ते ६० सेंटिमीटर बारीक तंगूस आणि त्याच्या टोकाला गळ. माशाने आमिष ओढले की दोरी शिशातून सरकते आणि त्याला वजनाची चाहूल लागत नाही. मण्यामुळे शिसे गाठीवर आपटत नाही. लाजऱ्या माशांसाठी, तसेच खाडीत जिताड्यासाठी ही जोडणी योग्य आहे. तिचा दोष असा की गळाकडची दोरी लांब असेल तर फेकताना ती मुख्य दोरीभोवती गुंडाळली जाते.

दुसऱ्या प्रकारात वजन सर्वांत खाली असते आणि त्याच्या वर, मुख्य दोरीला काढलेल्या आखूड फांद्यांवर, एक ते तीन गळ असतात. तिला ‘पॅटर्नॉस्टर’ म्हणतात. हे नाव ख्रिस्ती जपमाळेवरून आले आहे. दोरीवर ठरावीक अंतराने लटकणारे गळ माळेतल्या मण्यांसारखे दिसतात. आमिष तळापासून थोडे वर राहत असल्याने खेकडे ते लवकर कुरतडत नाहीत, आणि वजन टोकाला असल्याने फेक सरळ जाते. पुळणीवर कोळंबीचे लहान तुकडे लावून मुडदुशीसाठी गरवताना ही जोडणी सोयीची पडते. मुडदुशीचे तोंड लहान असते. मोठा गळ लावून ती मिळत नाही, केवळ आमिष संपते. तीन गळ लावले म्हणजे तिप्पट मासे येतात असाही समज आहे. प्रत्यक्षात गुंताच तिप्पट होतो. नवशिक्याने दोहोंवर थांबावे.

खडपांसाठी याच जोडणीत एक फरक करतात. वजन मुख्य दोरीला थेट न बांधता हातभर कच्च्या दोऱ्याने बांधतात. मुख्य दोरी दहा किलोचा ताण सोसणारी असेल तर हा दोरा तीन किलोचा असतो. वजन कपारीत अडकले की कच्चा दोरा तुटतो. गळ, मासा आणि वरची सर्व दोरी परत येते. हा साधा उपाय न केल्यास दोरी रिळाजवळ तुटते आणि पन्नास-साठ मीटर तंगूस, गळांसह, समुद्रात राहतो. असा तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही. त्यात मासे, खेकडे आणि समुद्रपक्षी अडकतात. मात्र एक धोका ध्यानात ठेवावा. जोरदार फेकीचा झटका कच्चा दोरा सोसू शकत नाही. अशा जोडणीने हलक्या हातानेच, पुढे फेकावे. खडपावर लांब फेकीची गरजही नसते.

बुचाच्या जोडणीत वजन तळाला जातच नाही. तरंगणाऱ्या बुचाखाली, हव्या त्या खोलीवर आमिष लटकते आणि वजन केवळ बूच उभे राखण्यापुरते असते. धक्क्यावरून व खडपाच्या कडेने शांत पाण्यात तिचा उपयोग होतो. वारा सुटला की तिचा उपयोग संपतो.

काठीने लांब फेकायचे असल्यास मुख्य दोरीच्या टोकाला जाड दोरीचा तुकडा जोडणे अत्यावश्यक आहे. फेकताना बारीक दोरी तुटली तर शंभर ग्रॅमांचे शिसे गोळीसारखे सुटते. मुंबईच्या चौपाट्यांवर किंवा गर्दीच्या धक्क्यावर त्याचे परिणाम काय होतील हे सांगावयास नको. प्रचलित नियम असा की वजनाच्या दर २८ ग्रॅमांमागे या दोरीची ताकद सुमारे साडेचार किलो असावी. म्हणजे शंभर ग्रॅम वजनासाठी सोळा किलोची. तिची लांबी काठीच्या दुप्पट आणि वर रिळाला चार-पाच वेढे बसतील एवढी घ्यावी. तंगुसाची गाठ आवळण्यापूर्वी ती पाण्याने किंवा थुंकीने ओली करावी; कोरडी आवळल्यास घर्षणाने तापून दोरी तेथेच कमजोर होते.

शिसेच का?

शिसे स्वस्त आहे, मऊ आहे, ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याची घनता पाण्याच्या ११ पटींहून अधिक आहे. या गुणांमुळेच पागाच्या कडेलाही पिढ्यान्‌पिढ्या शिशाच्या गोळ्या ओवल्या जात आहेत. परंतु घनतेचा लाभ नेमका किती, हे मोजून पाहिले पाहिजे. समुद्राच्या पाण्यात प्रत्येक पदार्थ त्याने सारलेल्या पाण्याइतके वजन गमावतो. हवेत १०० ग्रॅम भरणारे शिसे समुद्रात ९१ ग्रॅम भरते, लोखंड ८७ ग्रॅम, काळा दगड सुमारे ६५ ग्रॅम आणि सिमेंट काँक्रीटचा तुकडा सुमारे ५७ ग्रॅम. शिसे व लोखंड यांत केवळ चार ग्रॅमांचा फरक पडतो. आकारमानात तो अधिक जाणवतो. १०० ग्रॅम शिशाच्या गोळ्याचा व्यास सुमारे २.६ सेंटिमीटर, लोखंडाच्या गोळ्याचा २.९ आणि दगडाचा ४ सेंटिमीटर होतो. त्यामुळे प्रवाहाला सामोरे जाणारे क्षेत्र लोखंडात सव्वापट, तर दगडात अडीचपट होते.

या आकड्यांवरून निवड करणे कठीण नाही. जेथे वजन परत येण्याची खात्री आहे आणि फेक लांब हवी आहे अशा पुळणीवर शिसे वापरण्यास अर्थ आहे. जेथे ते गमावले जाणार हे ठरलेलेच आहे, अशा खडपांत लोखंडी नट, बोल्टचे तुकडे, गाडीचे निकामी स्पार्क प्लग किंवा कच्च्या दोऱ्याने बांधलेला गोटा हे काम पुरेसे चांगले करतात. लोखंड गंजून जाते. शिसे तेथेच पडून राहते. किनाऱ्यावर कित्येक जण हे काटकसरीपोटी आधीपासूनच करत आले आहेत, आणि ती काटकसर येथे सर्वस्वी योग्य आहे.

शिशाचा धोका आणि घरगुती ओतकाम

शिसे विषारी आहे. ते शरीरात साठत जाते, आणि मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम विशेष होतो. शिशाचे रक्तातील कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. ब्रिटनमध्ये गळाच्या लहान शिशांच्या गोळ्या खड्यांसमजुतीने गिळल्यामुळे हंस मरत असल्याचे आढळले, आणि १९८७ पासून तेथे ०.०६ ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या शिशाच्या गोळ्यांवर बंदी आली. समुद्रात वापरली जाणारी मोठी वजने या बंदीत येत नाहीत. डेन्मार्कने मात्र या शतकाच्या आरंभी मासेमारीच्या शिशाची विक्रीच थांबवली.

आपल्याकडे सर्वांत मोठा धोका दोन सवयींत आहे. पहिली सवय म्हणजे चीर पाडलेली लहान गोळी दोरीवर दातांनी दाबून बसवणे. मुले मोठ्यांचे पाहून हे करतात. यासाठी लहान पक्कड पुरते. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये, आणि आमिषाच्या डब्यात शिसे ठेवू नये.

दुसरी सवय घरी शिसे ओतण्याची. जुन्या बॅटरीतले किंवा भंगारातले शिसे चुलीवर वितळवून वाळूच्या अथवा धातूच्या साच्यात ओततात. बॅटरीतल्या शिशात आम्ल व इतर विषारी द्रव्ये असतात, म्हणून ते घरी कधीही वितळवू नये. साध्या शिशाच्या बाबतीतही स्वयंपाकाचे भांडे आणि स्वयंपाकाची जागा टाळावी. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे आणि मुले व गरोदर स्त्रिया जवळ नसाव्यात. साच्यात ओलाव्याचा एक थेंब राहिला तरी त्याची क्षणात वाफ होऊन वितळलेले शिसे तोंडावर उडते. पावसाळ्यात दमट पडलेली वाळू यासाठी मुळीच वापरू नये. तयार वजने दुकानात वजनावर मिळत असताना दोन-चार नगांसाठी हा खटाटोप करण्याचे कारण दिसत नाही.

पावसाळ्यातील मासेमारी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. किनाऱ्यावरून गरी टाकणारे याच काळात खाड्यांकडे वळतात, कारण उघड्या किनाऱ्यावरील लाटांपुढे कोणतेही वजन टिकत नाही. खाडीचे पाणी पुराने गढूळ व वेगवान झालेले असते, सोबत पालापाचोळा वाहत येतो आणि तो दोरीवर अडकून ओढ अनेक पटींनी वाढवतो. अशा वेळी दोरी थोड्या थोड्या वेळाने काढून साफ करावी. वजन वाढवण्यापेक्षा मुख्य प्रवाहाच्या आडोशाची जागा, धक्क्याची मागची बाजू किंवा खाडीचे वळण, शोधणे फलदायी ठरते. शेवाळलेल्या खडपांवर पावसाळ्यात उतरू नये. वजन अडकले म्हणून ते सोडवायला पाण्याच्या कडेशी जाण्याऐवजी दोरी हाताला न गुंडाळता कापडात किंवा काठीवर गुंडाळून, किनाऱ्याकडे तोंड न करता, सरळ मागे चालत ताणावी आणि तुटू द्यावी.